पाच गुणांची फाइल: लागोसहून टोरोंटोला गेलेल्या एका ट्रान्सक्रिप्टचं प्रकरण

१९ फेब्रुवारी २०२० ला कॅनडाने एक्स्प्रेस एंट्रीचा जो ड्रॉ काढला त्याचा कटऑफ ४७० गुणांवर थांबला. एक्स्प्रेस एंट्री म्हणजे परदेशी कुशल कामगारांना वय, शिक्षण, भाषा आणि अनुभवाच्या गुणांवर कायमच्या वास्तव्यासाठी निवडण्याची कॅनडाची पद्धत; अधूनमधून ड्रॉ निघतो आणि कटऑफच्या वरच्यांना अर्जाचं निमंत्रण जातं. आमच्या प्रयोगशाळेतल्या केमिस्टच्या प्रोफाइलवर त्या दिवशी ४३६ गुण दिसत होते. तिचे हक्काचे गुण होते ४७५. मधले ३९ गुण एका सीलबंद लिफाफ्यात होते: त्यात तिच्या एमएस्सीची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांची विद्यापीठाची नोंद. लिफाफा विद्यापीठातून निघालेला होता, पण टोरोंटोतल्या मूल्यांकन संस्थेत तो उघडून, तपासून, अहवाल हातात यायला आणखी तीन आठवडे लागले. दरम्यान महिनाअखेरीस तिला ३२ वर्षं पूर्ण झाली आणि वयाचे ५ गुण गेले. ४७५ चे ४७० झाले. त्या पाच गुणांनी पुढचे नऊ महिने खाल्ले.

मी तेव्हा नायजेरियात, ओटाला होतो. लागोसला लागून, ओगुन राज्यात ही औद्योगिक वसाहत आहे आणि तिथले बरेच कारखाने भारतीय मालकीचे आहेत. ती आमच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये. फाइल तिची, धावपळ तिची. माझ्याकडे कारखान्याचा स्कॅनर होता आणि भारतातून परदेशी गेलेल्या भाच्यांच्या फाइली पाहिल्याचा थोडा अनुभव, म्हणून प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून गेला. ओळख पटू नये म्हणून दोन्ही विद्यापीठांची नावं गाळली आहेत आणि काही खाजगी तपशील बदलले आहेत. ड्रॉच्या तारखा, नियम आणि गुण जसे आहेत तसे दिले आहेत.

कागद काय काय होते

ती मूळची पूर्वेकडची, नायजर नदीपलीकडची. बीएस्सी तिकडच्याच एका केंद्रीय विद्यापीठातून, रसायनशास्त्रात. प्रवेश २००५ चा, पदवी २०१० ची. अभ्यासक्रम चार वर्षांचा, पण २००९ मध्ये प्राध्यापकांच्या संघटनेचा, म्हणजे 'आसू'चा, संप झाला आणि वर्ष लांबलं. नायजेरियात याचं कुणाला नवल वाटत नाही. कितव्या वर्षाला आहेस असं विचारलं की पोरं सांगतात, 'चार अधिक एक्स'मधल्या एक्सला आहे. मग एनवायएससीचं सक्तीचं सेवावर्ष. १९७३ पासून ते सुरू आहे आणि तिशीच्या आतल्या पदवीधरांना सहसा ते करावं लागतं. त्यानंतर नैर्ऋत्येकडच्या दुसऱ्या केंद्रीय विद्यापीठातून एमएस्सी. ती २०१२ ला सुरू झाली. २०१३ मध्ये जुलैपासून डिसेंबरपर्यंत पुन्हा संप. संपली २०१५ ला. त्याच वर्षी ती आमच्याकडे लागली.

मधेच लग्न झालं. त्यामुळे बीएस्सीचं प्रमाणपत्र माहेरच्या आडनावाचं, एमएस्सीचं सासरच्या. पासपोर्टही सासरच्या नावाचा. नवऱ्याची बीएस्सी एका खाजगी विद्यापीठाची. थोरला भाऊ कॅल्गरीत, कॅनडाचा कायमचा रहिवासी.

बीएस्सीला तिला सेकंड क्लास लोअर होता. 'टू-टू' म्हणतात तिकडे. नोकरीच्या जाहिरातीत 'किमान टू-वन', म्हणजे सेकंड क्लास अप्पर, ही अट सर्रास असते, त्यामुळे टू-टूवाल्याला ती ठसठस जन्मभर असते. फाइल सुरू करताना तिचा पहिला प्रश्न तोच होता: कॅनडावाले हे बघून पदवी खाली ओढतील का? नाही ओढत. कायमच्या वास्तव्यासाठी जो समकक्षता अहवाल लागतो, ज्याला ईसीए म्हणतात, तो फक्त एवढंच सांगतो की ही पदवी कॅनडातल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची आहे. श्रेणी कुठली, सीजीपीए किती, याला गुण नाहीत. फर्स्ट क्लासवाला आणि काठावर पास झालेला इथे एकाच रांगेत.

आपल्याकडच्या वाचकाला एक फरक लक्षात यावा. भारतातली तीन वर्षांची बीकॉम, बीएस्सी परदेशात गेली की 'तीन वर्षांची की चार?' हा प्रश्न सतत मागे लागतो. तिच्या काळात नायजेरियाची शिक्षणरचना ६-३-३-४ अशी होती. बारा वर्षं शाळा आणि वर चार वर्षांची पदवी, त्यामुळे समकक्षता बहुधा सरळ निघते. पेच असतो तो पॉलिटेक्निकच्या एचएनडीवाल्यांचा, म्हणजे हायर नॅशनल डिप्लोमा केलेल्यांचा. देशातल्या देशातच एचएनडी मोठी की बीएस्सी, यावर वर्षानुवर्षं भांडण आहे. आमच्या लॅबमधला एक मुलगा एचएनडीचा होता. अहवालात 'पदवी' लिहून येईल की 'डिप्लोमा', याची धास्ती त्याला होती आणि ती खरी होती: एकट्या अर्जदाराला पदवीचे १२० गुण मिळतात, दोन वर्षांच्या डिप्लोमाचे ९८. तिच्या फाइलीत तो पेच नव्हता. पदव्या स्वच्छ होत्या. अडचण होती ती त्या मिळाल्याचं विद्यापीठाच्या तोंडून वदवून घेण्याची.

३९ गुण कुठून आले

हे गणित आधी मांडतो, कारण फाइलीतले सगळे निर्णय यावर तपासता येतात.

जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला ३१ व्या वर्षी वयाचे ९० गुण. मास्टर्सचे १२६. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत तिला ऐकण्यात ८, वाचनात साडेसात, लेखन आणि बोलण्यात ७-७ मिळाले. म्हणजे चारही कौशल्यांत सीएलबी, कॅनडाची भाषापातळी, ९; प्रत्येकी २९ प्रमाणे ११६. नवऱ्याच्या पदवीचे ८, त्याच्या इंग्रजीचे २०. मग जोडगुण: मास्टर्स आणि सीएलबी ९ एकत्र आले की ५०, तीन वर्षांहून जास्त परदेशी अनुभव आणि सीएलबी ९ एकत्र आले की आणखी ५०. कॅनडात सख्खा भाऊ असल्याचे १५. बेरीज ४७५.

आता यातून मास्टर्स काढा आणि फक्त बीएस्सी ठेवा. १२६ चे ११२ होतात. आणि जोडगुणांतले ५० चे थेट २५. चौदा आणि पंचवीस, एकोणचाळीस. म्हणजे एमएस्सीच्या ट्रान्सक्रिप्टला ३९ गुणांची किंमत होती, आणि एमएस्सी हातात असताना बीएस्सीच्या ट्रान्सक्रिप्टला शून्य. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा नियम साफ आहे: सर्वांत वरच्या पदवीचा अहवाल असला की बहुतेकांना खालच्या पदवीचा लागत नाही. दोन स्वतंत्र पदव्यांचे गुण मागायचे असतील तरच दोन्ही लागतात, आणि मास्टर्सचे गुण त्याहून जास्तच असतात.

हे गणित जुलै २०१९ मध्ये कुणी मांडलं नाही. तिने मूल्यांकन संस्थेकडे नोंदणी केली, सुमारे दोनशे कॅनडियन डॉलर भरले आणि दोन्ही पदव्या यादीत टाकल्या. सगळे तसंच करत होते. मग ती कामाला लागली क्रमाने, आधी बीएस्सी. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय हाच. बीएस्सीचं विद्यापीठ लांबचं, म्हणून ते आधी उरकावं असा तिचा विचार. एमएस्सीचं विद्यापीठ बसने दोन-तीन तासांवर. ते कधीही होईल!

लिफाफ्याचा नियम

कॅनडाने इमिग्रेशनसाठी नेमलेल्या मूल्यांकन संस्था मोजक्याच आहेत. नायजेरियातून बहुतेक जण डब्ल्यूईएसकडे, म्हणजे वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेसकडे, जातात, तिकडे तिला 'वेस' असंच म्हणतात. नियम थोडक्यात असा: पदवी प्रमाणपत्राची स्वच्छ प्रत अर्जदाराने स्वतः द्यायची, पण ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठानेच थेट पाठवायची. कागदी असेल तर विद्यापीठाच्या लिफाफ्यात, लिफाफ्याच्या तोंडावर शिक्का आणि सही, आणि अर्जदाराचा संदर्भ क्रमांक. अर्जदाराने आपल्या हाताने पाठवलेली ट्रान्सक्रिप्ट, मग ती कितीही अस्सल असो, चालत नाही.

नियमाचा जाच होतो, पण तो उगाच आलेला नाही. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर टायपिंग आणि लॅमिनेशनच्या टपऱ्यांच्या रांगेत एक तरी माणूस असा असतो जो 'फॉलोअप' करून देतो. काही खरंच आतल्या ओळखीने फाइल हलवतात. काही मात्र लिफाफा, शिक्का, लेटरहेड सगळं बाहेरच तयार करतात. तिच्या नवऱ्याला असाच एक जण भेटला, दोन आठवड्यांत एमएस्सीची ट्रान्सक्रिप्ट टोरोंटोत पोचवतो म्हणाला. नवरा वैतागला होता, जवळजवळ हो म्हणून बसला होता. कॅल्गरीच्या भावाने फोनवर त्याची चांगलीच हजेरी घेतली. बरोबर केलं. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आहे, आणि लिफाफा कुणी बनवला हे मला माहीत नव्हतं, ही सबब सहसा चालत नाही. संशयाचं वातावरण पुढेही निवळलं नाही. शेजारच्या बेनिनमधून सहा आठवड्यांत पदवी मिळवल्याचं २०२३ च्या अखेरीस एका नायजेरियन पत्रकाराने छापलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये नायजेरियाच्या सरकारला बेनिन आणि टोगोच्या पदव्यांची मान्यता स्थगित करावी लागली.

एक जाताजाता. नायजेरियाची राजभाषा इंग्रजी, तिचं बालवाडीपासूनचं शिक्षण इंग्रजीत, तरी नवराबायको दोघांनाही आयल्ट्सला बसावं लागलं, आणि तो निकाल दोनच वर्षं चालतो. या परीक्षेवर तिकडे फार राग आहे. मलाही तो खर्च दिसत होता. पण एक्स्प्रेस एंट्रीत ब्रिटनमध्ये जन्मलेल्या माणसालाही भाषेची परीक्षा चुकत नाही, हेही खरं.

पूर्वेकडची खिडकी

बीएस्सीसाठी ती ऑगस्टमध्ये गेली. लागोसच्या जिबोवूहून पहाटेची बस, ओनित्शाच्या पुलावरून नायजर ओलांडून पुढे. पैसे आधीच ऑनलाइन भरलेले होते. सरकारी संस्थांचे पैसे तिकडे तेव्हा रेमिटा या पोर्टलवरून जात. त्याची पावती छापून न्यावी लागे, कारण पडद्यावर 'पेड' दिसत असलं तरी खिडकीवरच्या माणसाला कागद हवा असे. तिथे एक्झाम्स अँड रेकॉर्ड्समध्ये काम करणारी एक वयस्क बाई होती. तिला सगळे 'ममी' म्हणत. या ममीने मॅट्रिक नंबर, म्हणजे विद्यापीठातला नोंदणी क्रमांक, विचारला, आतून बाड काढलं आणि पान उलटत उलटत नाव शोधलं. नाव मिळालं, गुण सगळे भरलेले होते. ऑक्टोबरमध्ये ट्रान्सक्रिप्ट टोरोंटोत पोचली. तिकडच्या हिशेबाने हे काम वेगाने झालं.

नावाचा घोळ इथे निघाला. बीएस्सीच्या कागदावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर दुसरं. त्याला रीत ठरलेली आहे: कोर्टात प्रतिज्ञापत्र करायचं आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. जाहिरातीचा मजकूरही वर्षानुवर्षं एकच, पूर्वी मी अमुक नावाने ओळखली जात असे, यापुढे तमुक नावाने ओळखली जाईन, पूर्वीची सर्व कागदपत्रं वैध राहतील, जनतेने नोंद घ्यावी. आपल्याकडे राजपत्रात नाव छापून आणतात, त्याचाच हा भाऊ. तिने विवाह प्रमाणपत्रासोबत ते कात्रण स्कॅन करून चढवलं आणि तो विषय तिथेच मिटला.

नैर्ऋत्येकडची खिडकी

आणि आता ते विद्यापीठ, जे कधीही होणार होतं.

तिने सप्टेंबरमध्ये पोर्टलवर अर्ज भरला, पैसे भरले आणि वाट बघत बसली. महिना गेल्यावर कळलं की हे पोर्टल पदवीच्या विद्यार्थ्यांचं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या नोंदी पोस्टग्रॅज्युएट स्कूलकडे असतात, तिची कचेरी वेगळी, अर्ज वेगळा, पैसे वेगळे. आधीचे पैसे परत मिळणार नाहीत. मिळालेही नाहीत. पदवी आणि पदव्युत्तर नोंदी दोन स्वतंत्र कचेऱ्यांत असणं ही नायजेरियात सर्वसाधारण गोष्ट आहे, पण हे सांगणारा फलक कुठेच नव्हता.

ऑक्टोबरअखेर योग्य खिडकीवर अर्ज गेला आणि तिथे खरं घोडं अडलं. दुसऱ्या सत्रातल्या एका विषयापुढचा रकाना मोकळा होता. ती परीक्षेला बसली होती, पास झाली होती, तिला पदवी प्रमाणपत्र मिळालं होतं. प्रमाणपत्र देताना कुणीतरी एकूण निकाल बघितला असणार. पण विषयवार नोंदीत तो आकडा चढलाच नव्हता. २०१३ च्या संपात ते सत्र दोन तुकड्यांत झालेलं. शिकवणारे प्राध्यापक नंतर विद्यापीठ सोडून गेलेले.

कचेरीचं म्हणणं: विभागाने लिहून द्यावं. विभागाचं म्हणणं: मूळ गुणपत्रक असल्याशिवाय कसं लिहून देणार? गुणपत्रक असेल तर ते विभागाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्या तांत्रिक साहाय्यकाकडे तो रजेवर. यात लाचखोरी नव्हती, द्वेष नव्हता. तीन माणसांपैकी कुणाचंही हे काम नव्हतं, एवढंच. आपल्या विद्यापीठांत ट्रान्सक्रिप्टसाठी खेटे घातलेल्यांना हे ऐकून परकं वाटणार नाही.

तोडगा निघाला तो एका वर्गमित्राकडून. तो त्याच विभागात पीएचडी करत राहिला होता. प्रत्येक नायजेरियन फाइलीमागे असा एक जण असतो, जो कॅम्पसवरच राहतो आणि दुसऱ्यांच्या ट्रान्सक्रिप्टचा पाठपुरावा करतो. त्याने डिसेंबरच्या सुट्टीआधी कपाट उघडवलं. गुणपत्रक सापडलं: कार्बनची प्रत, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण तिच्या मॅट्रिक नंबरासमोर ६१ स्पष्ट वाचता येत होतं. ते त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं. ती माझ्या टेबलाशी आली आणि फोन पुढे धरून म्हणाली, "सर, सिक्स्टी वन!" एखाद्याला मुलगा झाल्याची बातमी द्यावी तशी. मग विभागप्रमुखांचं पत्र, पोस्टग्रॅज्युएट स्कूलची मंजुरी, नोंदीत भर. जानेवारी त्यात गेला. फेब्रुवारीच्या मध्यावर शिक्का मारलेला लिफाफा कुरिअरने निघाला.

वेळेचा हिशेब पाहा. चुकीच्या खिडकीचा महिना धरून सप्टेंबर ते फेब्रुवारी विद्यापीठात. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा दुसरा आठवडा टोरोंटोत, प्रवास धरून. ज्या संस्थेला सगळे शिव्या घालत होते, 'वेस अजून काही करत नाही' म्हणून, तिच्याकडे फाइल पडून होती खरी, पण एमएस्सीविना, अर्धी रिकामी.

जानेवारीतला शहाणा निर्णय

या सगळ्यात एक गोष्ट चांगली सुचली, आणि ती भावाला सुचली. दोन्ही पदव्या यादीत असल्यामुळे एमएस्सी येईपर्यंत फाइल अडूनच राहणार होती. जानेवारीत त्याने तिला सांगितलं, बीएस्सीचा अहवाल आधी काढून घे, एमएस्सी नंतर जास्तीची फी भरून जोड. त्याप्रमाणे जानेवारीअखेर बीएस्सीचा अहवाल आला, नवऱ्याचा आधीच आला होता. त्याच्या खाजगी विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट फारसा त्रास न देता पाठवली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ४३६ गुणांनी प्रोफाइल उघडलं.

४३६ ने निमंत्रण येणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दोन फायदे होते. गुण समान झाले तर ज्याचं प्रोफाइल आधी दाखल झालं त्याचा नंबर आधी लागतो. आणि प्रोफाइल उघडं असलं की नवा अहवाल आल्या दिवशी फक्त आकडा बदलायचा असतो. बाकीचे रकाने, नोकरीचा तपशील, प्रवासाचा इतिहास, हे घाईत भरताना लोक चुका करतात. प्रोफाइल एक वर्ष चालतं, म्हणून फार आधी उघडण्यातही अर्थ नाही. तिचं वेळेवर झालं.

जास्तीची फी तेव्हा नवऱ्याच्या नायरा कार्डाने, म्हणजे स्थानिक चलनातल्या कार्डाने, गेली. हे लिहिण्याचं कारण असं की २०२२ मध्ये डॉलरचा तुटवडा वाढल्यावर नायजेरियातल्या बऱ्याच बँकांनी नायरा कार्डावरचा परदेशी खर्च महिन्याला २० डॉलरवर आणला. त्यानंतरच्या फाइलींत पहिली अडचण ट्रान्सक्रिप्टची नसून दोनशे डॉलर भरायचे कसे, ही होती. ज्याचं डॉमिसिलियरी, म्हणजे परकीय चलनातलं, खातं होतं किंवा परदेशात कुणी नातलग होतं, त्याचं निभावलं.

मार्च ते नोव्हेंबर

एमएस्सी जोडलेला अहवाल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आला: मास्टर्स डिग्री, कसलीही पुस्ती नाही. प्रोफाइलमध्ये आकडा बदलला. ४७०. वाढदिवस नुकताच होऊन गेला होता. १९ फेब्रुवारीचा कटऑफ ४७०, ४ मार्चचा ४७१. दोन्ही ड्रॉच्या आत अहवाल असता तर पहिल्यातच, ४७५ ने, निमंत्रण आलं असतं. चुकीच्या खिडकीवर गेलेला तो एक महिना इथे आठवतो.

त्याच सुमारास जग बंद पडलं. ९ मार्चला आसूचा इशारा संप सुरू झाला, २३ मार्चला तो बेमुदत झाला. ३० मार्चला लागोस आणि अबुजात टाळेबंदी, ३ एप्रिलपासून ओगुनमध्येही. लिफाफा महिनाभर उशिरा निघाला असता तर तो वर्षअखेरपर्यंत तरी कपाटातच राहिला असता, कारण तो संप डिसेंबरच्या २३ तारखेपर्यंत चालला. म्हणून या प्रकरणाला मी दुर्दैव म्हणायला तयार नाही. तिच्या बरोबरीच्या दोघीजणी त्या कपाटात अडकल्या.

कॅनडाने मार्चच्या मध्यानंतर सर्वांसाठीचे ड्रॉ थांबवले. जे निघाले ते कॅनडात आधीच असलेल्यांसाठी किंवा प्रांतांनी निवडलेल्यांसाठी. सर्वसाधारण ड्रॉ पुन्हा निघाला ८ जुलैला, ४७८ वर. मग २ सप्टेंबरला ४७५. हा आकडा वाचून ती काही बोलली नाही, सरळ लॅबमध्ये गेली. १६ सप्टेंबर, ४७२. ३० सप्टेंबर, ४७१. १४ ऑक्टोबर, ४७१. २७ ऑक्टोबर, ४७१. लागोपाठ तीनदा एका गुणाने हुकलं.

त्या दीड महिन्यात एक गुण वाढवण्याचे सगळे मार्ग शोधून झाले. आयल्ट्स परत द्यायची? बोलण्यात सातचे साडेसात झाले तर २९ चे ३२ होतात, तीन गुण. पण नवा निकाल एकसंध लागतो, जुन्या-नव्याची सरमिसळ चालत नाही. ऐकण्यात आठचे साडेसात झाले तर सीएलबी ९ जातो आणि त्याबरोबर जोडगुणांचे पन्नास-पन्नासही अर्धे होतात. माझं मत होतं, देऊ नको. नवऱ्याचं मत होतं, दे. जुना निकाल जून २०२१ पर्यंत चालणार होता, आणि नवा वाईट लागला तर जुनाच वापरता येतो, हा त्याचा मुद्दा. तो मुद्दा बरोबर होता, हे मला नंतर पटलं. तिने तारीख घेतली.

परीक्षा द्यावी लागली नाही. ५ नोव्हेंबरला कटऑफ पुन्हा ४७८, १८ ला ४७२, आणि २५ नोव्हेंबरला कॅनडाने पाच हजार निमंत्रणं काढली, कटऑफ ४६९. तिचे ४७०.

आणखी महिनाभराने, २३ डिसेंबरला, ४६८ चा ड्रॉ निघाला. त्यानंतर परदेशातून येणाऱ्या कुशल कामगारांसाठीचे ड्रॉ जे बंद झाले ते ६ जुलै २०२२ पर्यंत, आणि उघडले तेव्हा कटऑफ होता ५५७. ४७० ने तिथे कुणी विचारलं नसतं.

अहवालाचं पुढे काय झालं

निमंत्रणानंतरची प्रक्रिया कोविडमुळे रेंगाळली. पोलिसांचे दाखले, वैद्यकीय तपासणी, बँकेचे उतारे, यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही. २०२२ मध्ये ती, नवरा आणि मुलगी कॅल्गरीला उतरले.

तिथे तिला एका कॉलेजचा पर्यावरण-तपासणीचा छोटा अभ्यासक्रम करायचा होता. कॉलेजने तिचा ईसीए पाहिला आणि परत केला: यात पदवीची बरोबरी आहे, विषय आणि श्रेणी कुठे आहेत? इमिग्रेशनसाठी घेतलेल्या साध्या अहवालात त्या नसतात, विषयवार अहवाल वेगळा मागावा लागतो. तिने मला लागोसला मेसेज केला, पुन्हा त्या कपाटापर्यंत जावं लागणार का? नाही जावं लागलं. मूल्यांकन संस्था तपासलेली ट्रान्सक्रिप्ट आपल्याकडे जपून ठेवते. फरकाची फी भरली, काही आठवड्यांत विषयवार अहवाल कॉलेजला थेट गेला. त्यात दुसऱ्या सत्रातल्या त्या विषयापुढे श्रेणी होती.